मंजिरीला आलेली स्थळं

लग्नासाठी मला पहिली मागणी घातली ती बदलापूर गावातल्या एका आजीनं. तशी ती मागणी मला नव्हती, मंजिरीला होती. पण मंजिरीचं सगळं बघणारा मीच असल्यामुळे लाजायचं कामही माझ्याकडेच आलं.

हळदीचा कार्यक्रम होता. दोन लावण्या झाल्या होत्या आणि मी घोटभर पाणी प्यायला मागच्या पडवीत आलो होतो. तिथे आजी सुपारी कातरत बसली होती. तिनं अडकित्ता थांबवला आणि मला नथीपासून घुंगरांपर्यंत नीट बघून घेतलं.

"कनची गं तू पोरी?"

"अंबरनाथची, आजी," मी मंजिरीच्या आवाजात सांगितलं.

"माजा भाचा हाय. बायको गेली बिचाऱ्याची. भातशेती हाय, दोन म्हशी हायेत. तुला नाचाया देनार नाय, पर उपाशी बी ठेवनार नाय. तुजे बापाशी कोनी बोलायचा?"

मी "बघू" म्हणून पदर सावरत सटकलो. कार्यक्रमाच्या शेवटी आमच्या लावणी पार्टीच्या रिवाजाप्रमाणे मी केसांचा टोप उतरवला. मांडवात एकच गलका झाला, "आरं, बाप्या हाय ह्यो!" पहिल्या रांगेत बसलेल्या आजीनं हनुवटीला बोट लावलं. आता ही सुपारीसकट अडकित्ता फेकून मारते की काय, अशी मला धास्ती. पण निघताना ती जवळ आली, माझ्या कपाळाला चिकटलेले केस तिनं बाजूला केले आणि विचारलं, "भाकऱ्या येतात का रं?"

"येतात की."

"मंग बग बाबा. त्याला अडचन सयपाकाचीच हाय."

इतकं समजूतदार स्थळ मला पुढे कधी आलं नाही.

तर मी सुधाकर. स्टेजवरचं नाव कुमारी मंजिरी बदलापूरकर. राहणारा मी अंबरनाथ पश्चिमेचा, पण आमच्या पार्टीचे मालक भाऊ म्हणाले, अंबरनाथकर म्हटलं की लोकांना शंकराचं देऊळ आठवेल आणि ते घुंगरू बघण्याऐवजी हात जोडतील. म्हणून मी बदलापूरकर झालो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. दिवसा मी एमआयडीसीत साबणाच्या कारखान्यात पॅकिंगला होतो आणि कार्यक्रम असेल त्या संध्याकाळी मंजिरी. हळदी, गणपती, सोसायट्यांची हळदीकुंकवं, उल्हासनगरातल्या सिंधी लग्नांचे संगीत, जिथे बोलावतील तिथे जायचो. मंजिरीचं नाव झालं होतं. सुधाकरला कारखान्याचा वॉचमनसुद्धा गेटपास विचारायचा.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पुरुषाची बाई करायची म्हणजे लोकांना वाटतं, साडी नेसली की झालं. साडी सगळ्यात शेवटची. आधी गुळगुळीत दाढी. दाढी कितीही केली तरी गालावर हिरवट झाक राहते, ती मारायला मेकअपच्या खाली लाल लिपस्टिक चोळायची. मग छाती. ती आम्ही गादीच्या स्पंजमधून कापून बनवायचो आणि तिला नुसतं 'सामान' म्हणायचो. सामान बांधलं की त्यावर ब्लाउज. ब्लाउज चांगला बसला तर मंजिरी उभी राहते. तो फसला, तर कितीही दागिने घाला, पोत्यावर हार घातल्यासारखं दिसतं. मग नऊवारी, घुंगरू, आणि सर्वात वर टोप.

हा टोप शेवटी स्टेजवरच उतरवायचा, हा भाऊंचा नियम. "कुणाला फसवून घरी पाठवायचं नाही," ते म्हणायचे. टोप उतरवल्यावर टाळ्या जास्तच पडायच्या. पण त्या टाळ्यांमध्ये मी एक गोष्ट बघून ठेवली होती. टोप असेपर्यंत जे डोळे माझ्यावरून हलत नसत, ते टोप उतरला की चपला शोधायला लागत. मीही माणूसच, वाईट वाटायचंच. टोप उतरल्यावरही जो बघत राहील असा कुणी आपल्याला मिळेल का, हा एकच प्रश्न त्या वर्षांत माझ्या मागे लागला होता. आणि तो 'कुणी' म्हणजे पुरुष, हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक होतं. आमच्याकडे तेव्हा त्याला शब्द नव्हता. होते ते सगळे शिव्यांतले.

घरी वेगळीच गंमत. आम्ही बौद्ध. वडील कारखान्यातून रिटायर झालेले, घरात पुस्तकं, शिक्षणाचा दंडक. मी घुंगरू बांधतो हे त्यांना लागायचं, कारण ज्या नाचण्यातून आमची माणसं मोठ्या कष्टानं बाहेर पडली त्याच नाचण्यात पोरगा हौसेनं गेला. त्यांचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. माझंही चुकत नव्हतं. त्यांनी माझा एकही कार्यक्रम पाहिला नाही, ही खंत मात्र राहिली.

ताईचा सगळा भर माझ्या लग्नावर. दर रविवारी एक मुलगी. आमच्यात पत्रिका बघत नाहीत, त्यामुळे मंगळ आहे, गुण जुळत नाहीत, असली फुकटची कारणंही मला सांगता येईनात. एकदा अशाच एका घरी बसलो होतो. मोठी माणसं उठून आत गेली आणि आम्हा दोघांना 'बोला' म्हणून बाहेर ठेवलं. मुलगी ब्युटी पार्लरचा कोर्स करत होती. ती बराच वेळ माझ्या कपाळाकडे बघत राहिली.

"एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचारा."

"थ्रेडिंग कुठे करता? डावी भुवई फार उडवलीय हो."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि तिला खरं काय ते सांगून टाकलं. ती इतकी हसली की आतल्या लोकांना वाटलं, जमलं! नकार तिनंच कळवला. माझ्या भुवया मात्र पुढे सगळी वर्षं तिनंच केल्या. तिचं लग्न झालं तेव्हा करवलीपेक्षा जास्त मी मिरवलो.

आता प्रशांतची गोष्ट. बदलापुरातल्या कात्रपला त्याचा फ्लॅट होता, विम्याचं काम करायचा, बोलायला गोड. एका गणपतीच्या कार्यक्रमाला त्यानं मला टोप काढतानाही पाहिलं होतं, तरी त्यानं भाऊंकडून माझा नंबर मिळवला. मला वाटलं, सापडला! दिवसभर माझ्या मोबाइलवर त्याचे मेसेज यायचे. 'मंजू जेवलीस का', 'मंजू आज काय नेसलीस'. मी तेव्हा साबणाच्या खोक्यांना पट्टी मारत असायचो, कारखान्याच्या खाकीत.

तो भेटायला बोलवायचा कर्जतच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात, पडदा लावलेल्या फॅमिली रूममध्ये. अट एकच, मंजूनंच यायचं. आता तुम्ही विचार करा, एक प्लेट चिकनसाठी दाढी, लिपस्टिक, सामान, साडी, टोप, एवढं सगळं भर दुपारी करायचं आणि रिक्षात अंग चोरून बसायचं. रिक्षावाला आरशातून बघतोय, घामानं गालावरची लाली हनुवटीवर येतेय. हॉटेलात गेल्यावर पाणी प्यायची चोरी, कारण नंतर बायकांच्या दारात जायचं की बाप्यांच्या, हे कोण ठरवणार? लिपस्टिक जाईल म्हणून मी भाताची शितं मोजल्यासारखा जेवायचो. तो मात्र खुशीत. "मंजू, किती नाजूक खातेस गं तू!" मी मनात म्हणायचो, घरी गेल्यावर पाच चपात्या खाते, ते बघायला ये.

तरी मी जायचो. कुणीतरी वाट बघतंय, या गोष्टीची चटक लागते.

एक दिवस कारखान्यात ट्रक उशिरा आला. घरी जाऊन नटायला वेळच नव्हता. म्हटलं, जाऊ या तसंच, इतके महिने झाले, आता काय परकं आहे. शर्ट-पॅन्टमध्ये हॉटेलात गेलो आणि पडदा सारला. प्रशांतनं वर पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"बॉस, ही रूम बुक आहे. एक लेडीज येणार आहेत."

"अरे, मीच आहे."

त्याला कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर त्याचा चेहरा पडला. रागावला वगैरे नाही, सभ्य माणूस होता. अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "मंजू नाही आली?"

मी म्हणालो, "नाही. तिची तब्येत बरी नाही." मग खाली बसलो आणि त्या हॉटेलात पहिल्यांदाच पोटभर जेवलो. हाडं चोखली, कांदा फोडला, तीन ग्लास पाणी प्यायलो. प्रशांत मोबाइलशी खेळत बसला होता. बाहेर आल्यावर मला रडू आलं, ते मी कर्जतच्या रस्त्यावर एका पिंपळाखाली उरकून घेतलं. त्या दिवशी मी ठरवून टाकलं की लोकांना मंजिरी पाहिजे, सुधाकर कुणालाच नको, तेव्हा आपण धंदा बघावा.

धंदा म्हटला की ब्लाउज, आणि ब्लाउज म्हटला की हरेश.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये हरेशचं लेडीज टेलरचं छोटं दुकान होतं. पुढे मशीन, मागे पडदा, पडद्यामागच्या खोलीत त्याची आई. तिला सगळा बाजार अम्मा म्हणायचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हरेशनं मान वर न करता विचारलं, "मापाचा ब्लाउज आणलाय?" बायका एक नीट बसणारा जुना ब्लाउज नमुना म्हणून देतात, त्यावरून टेलर नवा शिवतो. माझ्याकडे कसला नमुना! मी म्हणालो, "ब्लाउज माझाच आहे, आणि मी असा आहे." तो हसला नाही. "फिर पूरा तयार होऊन ये. मग माप घेतो," म्हणाला. मी पडद्यामागे सामान बांधून आलो. त्यानं टेप लावून मंजिरीचं माप घेतलं आणि पहिला ब्लाउज असा शिवला की भाऊंनी पार्टीच्या खर्चानं सगळ्यांना वडापाव दिले. तो ब्लाउज मग मापाचा म्हणून त्याच्या दुकानात खिळ्यावर लटकत राहिला. पुढचे सगळे त्याच्यावरूनच झाले. टेप पुन्हा लावावीच लागली नाही.

त्या काळात उल्हासनगरला लोडशेडिंग म्हणजे रोजचं जेवण. दुपारी वीज गेली की हरेशच्या मशीनची मोटर थांबायची आणि तो दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा. सुट्टीच्या दिवशी मीही जाऊन बसायचो. अम्मा आतून पापड आणि पाणी पाठवायची. त्यांच्या सिंधी लोकांत दारात आलेल्याला आधी पापड, मग विचारपूस. काय बोलायचो आम्ही? काहीच नाही. जीन्सच्या कारखान्यांनी लेडीज टेलरांचे चांगले कारागीर कसे पळवले, कुठल्या गल्लीतल्या साडीचा काठ धुतल्यावर रंग सोडतो, माझ्या कारखान्यात साबणाचा वास इतका की डब्यातली भाजी लागत नाही. सगळी पार्टी मला मंजे म्हणायची, घरी सुध्या. हरेश मात्र पूर्ण नाव घ्यायचा, "सुधाकर." मला वाटायचं, सिंधी माणूस आहे, मराठी नाव तोडायला घाबरतो.

वीज आली की तो उठायचा. वीज आल्याचा राग येणारा उल्हासनगरात मी एकटाच असेन.

तर जानेवारीत कात्रपच्या एका मोठ्या सोसायटीचं हळदीकुंकू ठरलं. दुपारचा कार्यक्रम, सगळ्या बायका. भाऊंनी नवी जांभळी नऊवारी काढली. ब्लाउज हरेशकडे टाकला. आणायला गेलो तेव्हा वीज नव्हती, दुकानात अंधार. त्यानं कागदात गुंडाळून दिला, मी घालून न बघताच पिशवीत टाकला. हरेशच्या हातचा ब्लाउज घालून काय बघायचा?

सोसायटीच्या ऑफिसात मी नटायला बसलो. दाढी, लिपस्टिक, सामान. ब्लाउज चढवला आणि हुक लावायला गेलो, तर दोन्ही बाजू एकमेकींकडे बघायलाही तयार नाहीत. भाऊंनी ओढलं, ढोलकीवाल्यानं ओढलं. बाहेर निवेदिका माझ्या नावाची घोषणा लांबवत होती.

"मंजे, खाऊन खाऊन फुगलीस!" भाऊ ओरडले.

"मी फुगेन भाऊ, स्पंज कसा फुगेल?"

दुसरा ब्लाउज नव्हता. शेवटी मी सामान सोडून बाजूला ठेवलं आणि नुसत्या अंगावर ब्लाउज घातला. वरपासून खालपर्यंत सगळे हुक एका दमात लागले. कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. खांदा खांद्यावर, बाही दंडावर. भाऊ म्हणाले, "पदर घट्ट घे आणि पळ!"

मी सपाट छातीनं स्टेजवर गेलो. पहिलं कडवं पदर सांभाळण्यातच गेलं. पण दुसऱ्या कडव्याला माझ्या लक्षात आलं की मला श्वास घेता येतोय. स्पंज बांधलेला असला की गिरकी घेताना तो एका बाजूला आणि आपण दुसऱ्या बाजूला जातो. त्या दिवशी सगळी गिरकी माझीच होती. इतका मी आधी कधी नाचलो नव्हतो. शेवटी टोप काढला, टाळ्या झाल्या. गणपतीत मला पाहिलेल्या एक काकू वाण द्यायला पुढे आल्या आणि कानाशी लागून विचारू लागल्या, "काय गं मंजिरी, किती वाळलीस! डाएट कुठलं करतेस, मला पण सांग."

कार्यक्रम निभावला, पण माझं डोकं तापलेलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तडक कॅम्प तीन गाठलं. अम्मा दाल-पकवान, म्हणजे डाळ आणि कडक तळलेल्या पुऱ्या, वाढत होती. मी ब्लाउज मशीनवर आपटला.

"हरेश, माझी इज्जत गेली असती काल! मापाचा ब्लाउज डोळ्यासमोर लटकतोय, आणि हे काय शिवलंस?"

"छा थ्यो?" अम्मा घाबरून बाहेर आली. काय झालं म्हणून.

"तुमच्या पोरानं माप चुकवलं, अम्मा."

"हरेश? माप?" अम्माला ते खरं वाटेना. "इसका बाप चुकत होता, हा नाही चुकत."

हरेशनं खिळ्यावरचा ब्लाउज काढला, नव्यावर ठेवला. नवा चांगलाच लहान. त्यानं उलटा करून शिवण बघितली, बाही बघितली आणि खाली स्टुलावर बसला. त्याचे कान लाल झाले होते. गोऱ्या माणसाचं हे एक बरं असतं, लपवायला जमत नाही.

"घट्ट झाला?" त्यानं विचारलं.

"सामानावर चढलाच नाही. सामान काढून घातला."

"मग?"

"मग काय, बसला."

"कैसा बैठा?"

मी 'चांगला' म्हणायला तोंड उघडलं, पण तो नुसता चांगला बसला नव्हता. जन्मात माझ्या अंगावर इतकं नीट काही बसलं नव्हतं. माझे शर्ट सगळे रेडीमेड, एक तर खांद्यात पडलेले, नाही तर पोटावर ताणलेले. सुधाकरचं माप कुठल्या टेलरनं कधी घेतलंच नव्हतं. हरेशनंही नाही. त्यानं टेप लावली होती ती एकदाच, आणि तीही स्पंजला.

"हरेश," मी म्हणालो, "हे माझं माप आहे."

"हां."

"तू कधी घेतलंस?"

तो टेपशी चाळा करत बसला. "दर सुट्टीला समोर बसतोस पायरीवर," शेवटी म्हणाला. "कापताना हाथ अपने आप तिकडे गेला. सॉरी, सुधाकर. दुसरा शिवून देतो."

पिंपळाखाली रडलो होतो तसंच रडू येतंय असं वाटलं, पण ते वेगळंच निघालं, मला हसू फुटलं. हरेशही हसायला लागला. अम्मानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आतून आणखी एक ताटली आणून माझ्यासमोर ठेवली.

"वेहो," ती म्हणाली. बस. "ठंडा हो जाएगा."

मी पाच पकवान खाल्ले. हरेश बघत होता.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. स्टेज सुटलं, गुडघ्यांनी निकाल लावला. अम्मा गेली. जाईपर्यंत तिनं आम्हाला काही विचारलं नाही, आणि दारातून एकदाही पापडाशिवाय सोडलं नाही. मंजिरीचे ब्लाउज ट्रंकेत आहेत, जांभळा सगळ्यात वर. ताई अजून पाहुण्यांना 'हा सुधाकरचा टेलर' अशी हरेशची ओळख करून देते. टेलर दर रविवारी आपल्याकडे मटण खायला का येतो, हे तिनं विचारलेलं नाही, आणि नळी मात्र त्याच्या ताटात न चुकता पडते.

दर दिवाळीला हरेश मला एक शर्ट शिवून देतो. त्याला आता जाड चष्मा लागलाय, तरी शर्ट बरोबर बसतो. माझं पोट सुटलंय हे मला आरशाच्या आधी त्याच्या शर्टावरून कळतं. यंदाचा घालून बघितला तर पुन्हा कमरेत इंचभर वाढवलेला, आणि तरी नेमका बसलेला. मी चिडून म्हणालो, "बाबा रे, अंदाजानं किती दिवस शिवणार? एकदा टेप लावून माप घे की!"

त्यानं चष्मा पुसला, डोळ्यावर चढवला आणि माझ्या अंगावरच्या शर्टाचं पुढचं बटण लावायला घेतलं.

"माप कस्टमरचं घेतात, सुधाकर," तो म्हणाला.